माझं बोलणं, आईच्या तोंडून

आमच्या घरात सगळे एकदाच बोलायचे, माझं बोलणं मात्र दोनदा व्हायचं. आधी मी बोलायचे, मग आई. जन्मल्यावर मी रडायला उशीर केला, तेवढ्या वेळात मेंदूचा एक कोपरा हवेविना राहिला आणि हात, पाय, मान, जीभ या मंडळींनी माझं ऐकायचं नाही असं ठरवून टाकलं. डॉक्टर त्याला सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, म्हणत. आई 'हिचं जरा असं आहे' म्हणायची. डोकं शाबूत होतं, जरुरीपेक्षा जास्तच शाबूत आहे असं दादा म्हणायचा. पण ते ज्या मानेवर बसवलं होतं ती मान आपल्याआपण डावीकडे-उजवीकडे हलत राहायची, आणि तोंडातून शब्द यायचे ते ओलं फडकं पिळल्यासारखे वळत वळत. घरच्यांना ते सवयीने कळायचे. बाबांना निम्मे, दादाला बरेचसे, आईला सगळे. दारात कोणी आलं की मी बोलायचे आणि ते माणूस आईकडे बघायचं. मग आई माझं वाक्य हातात घ्यायची, झटकायची, त्याला इस्त्री करायची आणि समोरच्यापुढे ठेवायची.

इस्त्री हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. समोरच्या दारातल्या जयाबेन वाटीभर हांडवो, त्यांच्याकडचा तो जाड खमंग ढोकळा, घेऊन यायच्या आणि माझ्या तोंडाशी तुकडा धरायच्या. मी म्हणायचे, "आंबट आहे, नको." आई क्षणभरही न थांबता सांगायची, "वो बोलती है, बहोत अच्छा हुआ है, थोडा बाद में खाएगी." जयाबेन खूश व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट आणायच्या. दादा आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसायचा. महाडहून काका आले की विचारायचे, काय वैशाली, कशी आहेस? मी म्हणायचे, "दर वेळी हेच विचारता." आई म्हणायची, "बरी आहे म्हणतेय, काकींना का नाही आणलं विचारतेय." काकांचे डोळे भरून यायचे. ते गेल्यावर मी आईवर तोंडसुख घ्यायचे. मी असं बोललेच नव्हते म्हणायचे. आई कपबश्या उचलत शांतपणे म्हणायची, "अगं, जसंच्या तसं कसं सांगायचं? माणसाला वाईट वाटतं." अशा रीतीने आमच्या सगळ्या पूनम सागर सोसायटीमध्ये वैशाली ही फार गोड स्वभावाची मुलगी म्हणून प्रसिद्ध झाली. तिला मी कधी भेटले नाही.

पूनम सागरमध्ये येण्याआधी आम्ही पेणकरपाड्यात भाड्याच्या खोलीत होतो. तिथलं मला आठवतं ते नळावरचं भांडण आणि शेजारची म्हातारी, जी रोज आईला बजावायची, "हिला उन्हात बसव, न्हाय तं पाय आखडतील." आई मला उन्हात बसवायची, पाय व्हायचे तसे आखडलेच. मग बाबांनी कर्ज काढून वन रूम किचन घेतलं, पहिल्या मजल्यावर. बाबा एका सरकारी इस्पितळात लिफ्टमन होते. दिवसभर लोकांना वर-खाली न्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मला पाठीवर घेऊन जिना उतरायचे, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यावर विनोद करायचा हक्क त्यांनी फक्त स्वतःकडे ठेवला होता. "कुठला मजला मॅडम?" असं ते जिन्याच्या प्रत्येक वळणावर विचारायचे आणि मी त्यांच्या मानेत लाळ गाळत हसायचे.

माझी गादी स्वयंपाकघराच्या दाराशी असायची, म्हणून माझं लहानपण बहुतेक कानांनी झालं. कुठल्या घरच्या कुकरची शिट्टी कुठली हे मला झोपेतही सांगता आलं असतं. जयाबेनचा कुकर घाईचा होता, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा कुकर आधी बराच वेळ नुसता सुस्कारे टाकायचा. सकाळी भाईंदरकडून येणारी मच्छीवाली खालून "बोंबील घे, मांदेली घे" ओरडायची आणि आई गॅलरीतून टोपली खाली सोडत तिच्याशी घासाघीस करायची. दोघींचं भांडण ऐकणाऱ्याला वाटावं की आता पोलीस येतील, पण ते प्रेम होतं. आईच्या हातचं जेवण महाडकडचं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, आमसूल घातलेली सुकट, रविवारी घावणे. भाकरी थापायचा तो ओला थप थप आवाज अजून कानात आहे. मला भरवणं हे तासाभराचं काम. घास बारीक कुस्करायचा, जिभेच्या डाव्या बाजूला ठेवायचा, मान सरळ धरायची, गिळेपर्यंत थांबायचं. आई एवढ्या सगळ्यात कधी वैतागली नाही. माझं झालं की ती स्वतःचं गार झालेलं ताट घेऊन माझ्याच शेजारी बसायची. हे सगळं लिहिलं पाहिजे, कारण पुढे जे घडलं ते वाचून कोणी माझ्या आईला कैदाशीण ठरवू नये. ती तशी असती तर मला सोपं गेलं असतं.

आता माझी चाळिशी उलटलीय. माझ्यासारख्यांच्या हिशोबाने हे म्हातारपणच. डाव्या हाताच्या एका बोटाने फोनवर लिहिते. एक परिच्छेद झाला की बोट आणि खांदा दोघेही संप करतात. हे टायपिंग मी पस्तिशीनंतर शिकले, भाचीच्या जुन्या फोनवर, चुकत चुकत. ते अठराव्या वर्षी शिकता आलं असतं. या प्रकरणाचा विषय तोच आहे.

बाबा गेले ते मी सतरा वर्षांची असताना. ड्युटीवरच छातीत दुखलं, लिफ्ट तळमजल्यावर आणून थांबवली आणि स्टुलावरच बसून गेले. पेन्शनमध्ये आईबरोबर माझंही नाव होतं, म्हणून बँकेत माझं खातं उघडायचं ठरलं. तोवर मला अठरा पूर्ण झाली होती. दादाने चाकाच्या खुर्चीसकट मला बँकेच्या चार पायऱ्या चढवलं. मॅनेजर भला माणूस होता, त्याने आम्हाला पाणी दिलं. मग त्याने आईला विचारलं, "साइन कर सकती है?" आई म्हणाली, अंगठा देगी. तो म्हणाला, "अंगूठा तो ठीक है, पर समझती है क्या?" आई म्हणाली, "सब समझती है." तो माझ्याकडे बघून हसला, लहान मुलाकडे बघून हसतात तसा, आणि म्हणाला, "फिर भी मांजी, लीगल गार्डियन का सर्टिफिकेट ले आओ. कल कोई बोलेगा कि जबरदस्ती अंगूठा लिया, तो मेरी नौकरी जाएगी." समझती है क्या, हे त्याने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की समोरच्या फॉर्मवर तुम्ही आईचं नाव चुकीचं लिहिलंय. मी ते सांगितलंही. आई म्हणाली, "वो आपको थँक यू बोलती है."

मी ज्या खास शाळेत जायचे तिथे प्रज्ञाताई नावाच्या बाई होत्या, जेमतेम पंचविशीच्या, जरा जास्तच भराभर चालणाऱ्या. त्यांनी मला अक्षरांचा पुठ्ठा करून दिला होता. मोठ्या पुठ्ठ्यावर चौकोन आखून त्यात अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या. मी डावं बोट फिरवत एकेका चौकोनावर ठेवायचे आणि समोरच्याने वाचायचं. वेळ लागायचा, पण जे यायचं ते माझंच यायचं, बिनइस्त्रीचं. आईचा त्या पुठ्ठ्यावर राग होता. चारचौघांत तो काढला की तिचा चेहरा पडायचा. "मी काय मेलेय का?" असं ती एकदा म्हणालीही होती.

बँकेचा प्रकार मी पुठ्ठ्यावर सांगितला तेव्हा प्रज्ञाताई खवळल्या. त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली आणि म्हणाल्या, "हे बघ वैशाली, अठरा पूर्ण झाली म्हणजे तू मोठी झालीस, बाकीच्यांसारखीच. ठरवायला तुला मदत लागेल. कुणीतरी वाचून दाखवेल, कुणी समजावेल, कुणी तुझं बोलणं पोचवेल. मदत कुणाला लागत नाही? मी घर घेताना मला वकील लागला, म्हणून घर काय वकिलाचं झालं? मदतीचा माणूस वेगळा आणि मालक वेगळा. पालक नेमला की तुझ्याऐवजी तोच ठरवणार. घाई करू नका, असं सांग घरी." आणि मग त्यांनी मला पुण्याचं सांगितलं. तिथे एक निवासी केंद्र होतं, माझ्यासारख्यांना वर्षभर ठेवून घेऊन कॉम्प्युटर शिकवणारं. मोठ्या बटणांचा कीबोर्ड, भरवायला आणि आंघोळीला बायका, आणि शेवटी शक्य झालं तर घरबसल्या काम. आम्ही दोघींनी मिळून अर्ज केला. दोन महिन्यांनी त्यांनी कळवलं की जूनपासून जागा आहे. मुलगी सज्ञान असेल तर तिचा अंगठा पुरेल, पालक नेमलेला असेल तर मात्र पालकाची सही लागेल.

घरी हे सांगितलं त्या रात्री जेवण कोणाला गेलं नाही. दादा तेव्हा कुरिअर कंपनीत होता, दिवसभर काशीगाव ते भाईंदर मोटारसायकलवर फिरून यायचा, त्याचे डोळे धुळीने लाल असायचे. वाईट माणूस नव्हता, अजूनही नाही. तो म्हणाला, "पुण्याला? एकटी? तुला तिथे पाणी कोण पाजणार? आणि तुझं बोलणं कोणाला कळणार?"

"शिकतील," मी म्हटलं. "तू नाही का शिकलास?"

"मी काय, मी घरातला. टेन्शन कशाला देतेस आईला? आत्ता कुठे बाबा गेलेत."

आई भाकरी थापत होती. तिने एवढंच विचारलं, "महाडला काय सांगायचं? बाप गेल्यावर पोरीला ठेवून आली, असंच म्हणतील ना?" मी म्हटलं, मी शिकायला जातेय, तू मला ठेवून येत नाहीयेस. तिने भाकरी उलटली. मला वाटलं ती विचार करतेय. सतरा-अठराव्या वर्षी समोरचा गप्प बसला की आपल्याला वाटतं, पटतंय त्याला.

पालकत्वाचा अर्ज दादाने केला, बँकेसाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी एक समिती बसायची, तिच्यासमोर सगळ्यांनी जायचं होतं, मीही. मी घरात सांगून टाकलं की मी समितीला माझं म्हणणं सांगणार. खातं उघडायला दुसरे मार्ग असतील, ते शोधा, पण मला पुण्याला जायचंय आणि माझा अंगठा मला हवाय. माझ्या तोंडाला जमतील अशी छोटी वाक्यं मी शोधून काढली. माझं मी ठरवीन. अंगठा माझा. दादा फक्त समजावून सांगेल. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून मी ती घोकत होते. 'ठरवीन'मधला ठ मला फार छळायचा. शेवटी मी आईला बोलावलं आणि म्हटलं, हे तिथे जसंच्या तसं सांगायचं. एक शब्द बदलायचा नाही. आई हात पुसत ऐकत होती. "बरं," म्हणाली. निघताना मी पुठ्ठा मागितला तर तो फ्रिजवर ठेवलेला होता, आणि ती म्हणाली, "जसंच्या तसं सांगते म्हटलं ना? मग कशाला ते लोढणं गळ्यात?" माझा तिच्यावर विश्वास होता. प्रज्ञाताईंना तारीख कळवली होती का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दादाने ओळखीच्याची गाडी आणली होती. आईने डब्यात घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी घेतली होती, वर पाण्याची बाटली, माझ्यासाठी दोन ओढण्या, नॅपकिन, जादा फ्रॉक. अठराव्या वर्षीही मला फ्रॉकच घालत, काढायला-घालायला सोपा म्हणून. त्या दिवशी मी पंजाबी ड्रेससाठी हट्ट धरला आणि तो मिळाला. ऑफिसच्या बोळात बाकड्यांवर माझ्यासारखी आणखी कुटुंबं होती. तिशीचा एक दाढीवाला पुरुष आईच्या मांडीवर डोकं ठेवून बिस्किट खात होता. आईबाप लोक एकमेकांशी बोलत होते, तुमचं कितवं वर्ष, झोपते का, फिट येते का. आम्ही लेकरं एकमेकांकडे बघत होतो. आमच्यापैकी कोणाला काय हवंय हे त्या बोळात कोणीच विचारत नव्हतं.

आत गेल्यावर टेबलामागे साहेब होते, कुठल्याशा संस्थेच्या एक बाई होत्या आणि तिसऱ्या खुर्चीला कुबड्या टेकवून बसलेला एक माणूस होता. दोन्ही पायांना कॅलिपर. समितीत एक सभासद आमच्यातला असावा लागतो हे मला नंतर कळलं. तेव्हा त्याला बघून मला इतका आनंद झाला की अंग ताठलं आणि आईला माझी मान धरावी लागली. साहेबांनी आईला विचारलं, वय काय, तुमच्यानंतर कोण? दादाला विचारलं, लग्नानंतरही सांभाळणार ना? दादा हो म्हणाला. साहेब कागदावर काही लिहू लागले. तेव्हा तो कॅलिपरवाला म्हणाला, "साहेब, एकदा तिलाच विचारू या ना." आणि त्याने माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "वैशाली, भाऊ तुझा पालक झालेला तुला चालेल का?" त्या दिवसापर्यंत घराबाहेरच्या कुठल्याही मोठ्या माणसाने माझ्याशी थेट असं बोललेलं मला आठवत नव्हतं.

मी बोलले. फार वेळ लागला. ठ आलाच नाही, पण बाकी सगळं आलं, घोकलेली तिन्ही वाक्यं. लाळ गळली ती गळू दिली. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि माझा. झाल्यावर सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईने आधी पदराने माझी हनुवटी पुसली, नेहमी पुसायची तशी. मग म्हणाली, "ती म्हणतेय, दादा आहे म्हटल्यावर तिला कसली काळजी नाही. तोच तिला सगळं समजावून सांगतो, तोच ठरवेल."

"वा, छान," तो माणूस म्हणाला.

मी ओरडले. नाही, नाही, मी असं बोलले नाही. पण राग आला की माझी जीभ घशात जाते आणि पाय खुर्चीच्या फळीवरून सुटतात. तसंच झालं. खुर्ची मागे सरकली, हात उडाला, टेबलावरचा पेन्सिलींचा डबा खाली पडला. संस्थेच्या बाई उठून म्हणाल्या, "अरे, त्रास होतोय तिला. पाणी द्या, पाणी द्या." आई म्हणाली, नवीन माणसांची सवय नाही हो. पण कॅलिपरवाला अजून माझ्याकडेच बघत होता. त्याच्या कपाळावर आठी आली. "मान हलवतेय ती," तो म्हणाला. "नाही म्हणतेय का?"

एवढ्या वर्षांत मी त्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा गेले आहे. तो माणूस अगदी जवळ आला होता. आई म्हणाली, "नाही हो दादा, तिची मान जन्मापासून अशीच हलते." आणि यात खोटं काहीच नव्हतं. तो माझ्या मानेकडे आणखी थोडा वेळ बघत राहिला, ती हलतच होती, तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मग त्याने कागद पुढे ओढून सही केली. संदेशदादा, माझा भाऊ, ज्याला माझं बरंचसं बोलणं कळायचं, तो खाली पडलेल्या पेन्सिली गोळा करत होता. सगळ्या गोळा करून झाल्यावरही तो बराच वेळ वाकलेलाच होता.

पुढचं थोडक्यात. दादाने पुण्याला फोन करून सध्या जमणार नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी बघू, असं मला म्हणाला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न होतं. प्रज्ञाताई एकदा घरी आल्या, आईशी दारातच भांडल्या आणि नंतर त्यांची बदली झाली की त्यांनी नोकरी सोडली, ते मला नीट कळलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, एकटी बाई कुठे कुठे डोकं आपटणार? बराच काळ गेल्यावर कायदाही बदलला. नवा कायदा मी फोनवर अक्षर अक्षर वाचलाय. त्यात लिहिलंय की अपंग माणूस कायद्यापुढे इतरांसारखाच माणूस आहे, त्याला ठरवायला आधार द्यावा, आणि पालक लागलाच तर तो ठरावीक गोष्टीपुरता, ठरावीक काळापुरता, त्याच्याशी बोलून ठरवणारा असावा. जुन्या पालकांनीही तसंच वागायचं आहे. मी ते दादाला दाखवलं. त्याने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाला, "अगं, मी काय तुझ्याविरुद्ध सही करतोय का? काय कमी आहे तुला?" काही कमी नाही. मागच्या वर्षी आमची इमारत पाडून नवी बांधायची म्हणून सगळ्या घरमालकांच्या संमत्या घेतल्या. घरावर माझंही नाव आहे. बिल्डरचा माणूस आमच्याकडे आला, माझ्या खुर्चीला वळसा घालून आत गेला, आणि माझी संमती दादाकडून घेऊन पुन्हा वळसा घालून गेला. नव्या इमारतीत लिफ्ट असणार आहे म्हणे. वकिलाकडे जावं तर वकीलपत्रावर सही कोणाची, तर पालकाची. असं हे आहे. कायदा चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. तो आमच्या जिन्यापर्यंत पोचलाच नाही.

समितीच्या त्या दिवसानंतर मी आईशी बोलणं टाकलं. माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. भूक, तहान, लघवी, काही सांगायचे नाही. ओळखून घे म्हटलं. आणि तिने ओळखलं. वेळेवर सगळं करत राहिली, घास जिभेच्या डाव्या बाजूला ठेवत राहिली. त्याहून वाईट असं की जयाबेन आल्या आणि त्यांनी "वैशाली क्या बोलती है?" विचारलं, तेव्हा मी ओठ मिटून बसले होते आणि आई म्हणाली, "बोलती है, आप बहोत दिन से आयी नहीं." तेव्हा मला कळलं की या घरात माझं बोलणं चालू राहायला माझी गरजच नाही. मी त्या दिवशी खूप रडले. जयाबेनना वाटलं त्यांच्या आठवणीने रडतेय.

सर्टिफिकेट आलं त्या दुपारी दादा ते घेऊन बँकेत गेला होता. आई स्वयंपाकघरात खाली बसून सुकट निवडत होती, मी दाराशी माझ्या गादीवर. कुकर झाले होते, इमारत गप्प होती. तिने मान वर न करता सुरुवात केली.

"तू तिथे काय बोललीस ते मला कळलं होतं."

मी डोळे भिंतीकडे वळवले.

"तुला वाटत असेल, सवयीने बोलून गेले. जयाबेनला सांगते ते सवयीने. तिथे मी ठरवून बोलले. घरातून निघतानाच ठरवलं होतं." ती सुकटीतला कचरा वेचून बाजूला टाकत होती. "तुझं बोलणं मला कळतं. मी काय जन्माला पुरणार आहे? मी गेल्यावर तुझा अंगठा असेल आणि तुझं बोलणं कोणाला कळणार नाही. मग तो अंगठा कोण कशावर लावून घेईल, सांग मला. संदेश निदान आपला आहे."

किती दिवसांनी माझ्या तोंडातून शब्द निघाले, ते घसा खरवडतच आले. "म्हणून तर पुण्याला जायचं होतं. लिहायला शिकले असते. मग तू नसलीस तरी चाललं असतं."

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. तू नसलीस तरी चाललं असतं, हे ऐकून तिला काय वाटलं असेल हे आज मी समजू शकते, त्या वेळी मला ते तिला लागावं असंच वाटत होतं. ती रडली नाही. तिने सुकटीचे हात परातीच्या कडेला पुसले आणि म्हणाली, "माझं मी ठरवीन. अंगठा माझा. दादा फक्त समजावून सांगेल." तिने ते सावकाश म्हटलं, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं, एकेक शब्द सुटा. मला न जमलेला ठसुद्धा तिने स्वच्छ म्हटला. मग विचारलं, "असंच बोलली होतीस ना?"

मी हो म्हटलं. माझं बोलणं जसंच्या तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न होता, दुसऱ्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते ऐकायला घरात आम्ही दोघीच होतो.